पाठजेवण

संचिता पहिल्यांदा घरी आली तेव्हा पुष्पलता वाल सोलत बसली होती, आणि तिथंच घोळ झाला. हात कामात गुंतले की माणसाची जीभ सैल सुटते, मग ती काय बोलून बसेल याचा नेम नसतो.

संचिता भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत इतिहास शिकवायची आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायची. पुष्पलताची सून स्वाती त्याच शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिनंच मोठ्या कौतुकानं लेखिकेला आपल्या गावी, मुर्ध्याला आणलं. आमच्या सासूबाई मिठागरावर वाढल्यात, तुम्हांला हवं ते सगळं सांगतील, असं तिनं परस्पर कबूलही करून टाकलं होतं. सासूला विचारायचं राहिलं, पण ते नेहमीच राहायचं.

संचिताला वसईवर फिरंग्यांचा अंमल होता त्या काळातली कादंबरी लिहायची होती. राजे, किल्ले, तलवारी यांवर पुष्कळांनी लिहून झालंय, म्हणाली, मला चूल हवी. मिठागरावर जाणारी बाई लुगडं कसं खोचायची, भाकरीबरोबर काय बांधून न्यायची, पायाच्या भेगांत मीठ गेलं की काय लावायची, हे तिला कुठल्याच बखरीत सापडत नव्हतं. तेव्हाचं सांगणारं माणूस आता कुठून मिळणार? पण मीठ पिकवायची पद्धत काही फार बदललेली नसणार आणि ते पिकवणाऱ्यांची घरंही, असा तिचा हिशोब होता. पुष्पलताच्या आईचा दिवस कळला की त्या बाईचा दिवस आपोआप कळेल.

पुष्पलतानं सांगितलं. तांदळाची भाकरी, भाजलेला सुका जवळा, कांदा. पायाला खोबरेल आणि वर चिंधी. संध्याकाळी खाडीवरून आलं की आधी गोड्या पाण्यानं डोळे धुवायचे, मग पोराला जवळ घ्यायचं. सांगताना ती फुलत गेली, हे कबूल करायला हवं. मिठागरं बंद होऊन तिथं टॉवर उभे राहिले, पण या घरात तिला कोणी कधी विचारलं नव्हतं की तिकडं तुमचं काय कसं असायचं. मुलगा नीलेश जमिनीच्या भावाबद्दल बोलायचा. नात चांदणी मोबाइलमध्ये असायची. आणि ही परकी बाई तिच्या आईच्या भेगाळलेल्या टाचांबद्दल विचारत होती, तेही जीव लावून.

मग संचितानं विचारलं, की जेवायला कोण कुठं बसायचं. पुष्पलताच्या तोंडून निघून गेलं, "आई भिंतीकडं त्वांड करून जेवायची."

संचिताचं लिहिणं थांबलं. का म्हणून, असं तिनं विचारलं. स्वाती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. समोरच्या भिंतीवर पुष्पलताच्या बापाचा, दत्तारामबुवांचा, हार घातलेला फोटो होता. भजनी मंडळाचे बुवा, गावात नावाजलेला माणूस. देवळाच्या सभामंडपातही त्यांची तसबीर आहे. पुष्पलतानं वालाचं साल नखानं ओढून काढलं आणि मान वर न करता म्हणाली, "तशी रीतच हाय आमच्यात. मिठागरवाल्यांत."

खरं काय ते अगदी साधं होतं, आणि म्हणूनच सांगवत नव्हतं.

पुष्पलता तेव्हा परकर सावरायच्या वयाची. एका अमावास्येला वारं उलटं फिरलं होतं. तिच्या आईला, सुलूबायला, उधाणाची चाहूल लागली आणि तिनं नवऱ्याला सांगितलं की उघाडी आजच पाडून ठेवा. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची आणि अडवायची लाकडी झडप. बुवांना भजनाला जायचं होतं. ते विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर रचलेल्या मिठाच्या राशी पाण्यात विरघळून गेल्या होत्या. बुवांनी मजुरी करणाऱ्या नाथाला सगळ्यांसमोर बडवायला घेतलं, की उघाडी यानंच पाडली नाही. तेव्हा सुलूबाय मध्ये पडली. म्हणाली, त्याला मारू नका, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मी तुम्हांला सांगितलं आणि तुम्ही विसरलात.

एवढंच. खोटं एक अक्षर नाही, आवाजही चढलेला नाही. पण चार माणसांनी ऐकलं. त्या दुपारी पानावर बसताना बुवा म्हणाले, तुझं तोंड मला जेवताना दिसता कामा नये. सुलूबायनं आपलं ताट उचललं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. बुवांनी तो हुकूम पुन्हा कधी उच्चारला नाही आणि मागेही घेतला नाही. बहुतेक विसरले असतील, उघाडी विसरले तसेच. सुलूबाय मात्र तेव्हापासून भिंतीकडंच जेवली. गणपतीत, पोरांच्या लग्नांत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. पाहुणे विचारायचे नाहीत, आणि घरातले सांगायचे नाहीत.

लहानगी पुष्पलता आई आणि भिंत यांच्यामधल्या जागेत शिरून बसायची. तेवढ्या जागेत तिचं अंग मावत होतं. आईचा जेवतानाचा चेहरा घरात तिनं एकटीनं पाहिला. आई मधूनच तिच्या तोंडात घास घालायची, आणि कधीकधी घास हातातच धरून शेणानं सारवलेल्या भिंतीकडं बघत राहायची. रडायची नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

बुवा गेल्यावर, तेराव्याचं जेवण झालं त्या दिवशी, पुष्पलतानं आईचं ताट उचलून खोलीच्या मध्यावर ठेवलं. आता फिर की, म्हणाली. सुलूबाय फिरली. सगळ्यांकडं तोंड करून बसली, आणि तिला घास गिळेना. मग निमूटपणे ताट घेऊन परत भिंतीपाशी गेली. मरेपर्यंत तिथंच जेवली. बापाचा राग पुष्पलतानं एक वेळ गिळला असता, पण हे तिच्या घशात कायमचं अडकून राहिलं.

आणि याला ती 'रीत' म्हणाली होती. का, तर सून ऐकत होती आणि बाप भिंतीवरून बघत होता.

कादंबरी आली. मुखपृष्ठावर एका बाईची पाठ आणि समोर मातीची भिंत. प्रकाशनाला पुष्पलताला पुढच्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिलं. संचितानं एक प्रकरण वाचून दाखवलं. त्यातली मिठागरवाली दिवसभर फिरंग्यांसाठी मीठ ओढते, लखलखाटानं डोळे भाजून घेते, आणि जेवताना जगाकडं पाठ फिरवते. दिवसभर मी त्यांचं मीठ पाहते, ती म्हणते, हा एक घास मी माझ्या भिंतीकडं पाहून खाईन. या प्रथेला संचितानं नावही दिलं होतं, पाठजेवण. प्रस्तावनेत लिहिलं होतं की मुर्ध्याच्या जुन्या मिठागरवाल्या घरांत ही रीत परवापरवापर्यंत पाळली जात होती.

सभागृहातल्या बायका डोळे पुसत होत्या. पुष्पलतालाही क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पुस्तकातली बाई आपल्या मर्जीनं वळली होती. आईला प्रत्यक्षात जे मिळालं नाही ते निदान कागदावर तरी मिळालं, असं तिच्या मनात आलं. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

पण पुस्तक कपाटात गप्प बसलं असतं तर ते पुस्तक कसलं. आधी शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरींनी पाठजेवणाचा नाच बसवला. मग महिला मंडळानं खाद्यमहोत्सवात पाठजेवणाचा स्टॉल लावला. तिथं लोक भिंतीकडं तोंड करून भाकरी-जवळा खायचे आणि पाठीमागून फोटो काढून घ्यायचे. गणपतीत एका मंडळानं देखावा केला. यूट्यूब चॅनेलवाले आले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून आठवायला लागलं, की हो, आमच्या आजीचंही असंच होतं. नाथाची बायकोसुद्धा बोलली. ज्या नाथासाठी सुलूबाय मध्ये पडली, त्याची बायको. पुष्पलता तिला गाठून म्हणाली, तुमच्या घरात तर बायका आधी जेवायच्या, मी पाहिलंय डोळ्यांनी.

"मंग मी एकटीनंच सांगू काय, आमच्यात न्हवतं म्हणून?" म्हातारी म्हणाली. "सगल्यांच्यात हाय, आन् आमच्यात न्हाय?"



तोवर चांदणीचं लग्न ठरलं. मुलगा साईराज, डोंगरीचा, चांगला नोकरीवाला, माणसं समंजस. एके दिवशी चांदणीनं घरात जाहीर करून टाकलं की हळदीच्या दिवशी दुपारी ती पाठजेवण करणार. साईराजच्या घरच्यांनाही आयडिया आवडली होती. व्हिडिओवाल्यानं तर भिंतीचं डिझाइनही पाठवलं होतं, कारण मांडवाला भिंत कुठून आणणार.

पुष्पलताच्या हातातलं भांडं खाली पडलं नाही की काही नाही. तिनं ते नीट फळीवर ठेवलं आणि म्हणाली, न्हाय करायचं.

का, असं सगळ्यांनीच विचारलं. तिला नीट सांगता येईना. ते चांगलं नसतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. चांदणी तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजी, तूच तर सांगितलंस ना सगळ्यांना. तुझ्यामुळे तर हे फेमस झालंय."

हे ऐकल्यावर मात्र तिला राहवेना. आपल्या तोंडून निघालेला शब्द आपणच परत घ्यायचा, पण ज्या बाईनं तो छापला तिनं सोबत केली तर लोक ऐकतील, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच रिक्षा करून भाईंदर पश्चिमेला संचिताच्या सोसायटीत गेली. वॉचमननं कहाँ जाना है माताजी म्हणून अडवलं, तेव्हा तिनं सांगितलं, किताब लिखनेवाली बाई के पास.

संचितानं पाणी दिलं, चहा टाकला, आजी आजी केलं. पुष्पलतानं चहाला हात न लावता सगळं सांगितलं. उधाण, नाथा, बापाचं वाक्य, तेराव्याचं ताट. कोणालाही न सांगितलेलं पहिल्यांदा सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की संचिताला खुर्ची जवळ ओढून घ्यावी लागली. रीत वगैरे काही नव्हतं बाई, ती म्हणाली, माझ्या आईला शिक्षा होती ती.

संचिताचे डोळे भरून आले. ते खरंच भरले होते, नाटक नव्हतं. तिनं पुष्पलताचा हात धरला. मग हलकेच म्हणाली, "आजी, हे तर त्याहून जबरदस्त आहे." आणि दुसऱ्या हातानं तिनं टेबलावरचा मोबाइल उचलला. पुन्हा एकदा सुरुवातीपासून सांगाल का, रेकॉर्ड करते, त्या तेराव्यापासून तर नवीन कादंबरीच सुरू होते.

पुष्पलतानं हात काढून घेतला. ते बंद कर आधी, म्हणाली. संचितानं लगेच बंद केलं, माफीही मागितली. मग पुष्पलतानं तिच्यापुढं आपलं मागणं ठेवलं. माझ्या नातीला येऊन सांग, की ही रीत नाही. गावात एकदा सांग. तू लिहिलंस म्हणून लोक मानतात.

यावर संचिता पुष्कळ बोलली आणि तिचं प्रत्येक वाक्य वेगळं पाहिलं तर खरं होतं. कादंबरीत खरं-खोटं असं बघत नाहीत. तिनं जे ऐकलं तेच लिहिलं. सांगणारी पुष्पलताच होती. आता तीच रीत नव्हती म्हणाली तर लोक विचारतील की मग तेव्हा खोटं का बोललात, आणि बुवांचं नाव त्यात येईल, ते चालणार आहे का? शिवाय आता इतक्या बायका तिच्याकडं अभिमानानं बघतात. त्यांच्या हातून ते कशाला काढून घ्यायचं? पुष्पलता जिना उतरताना यातल्या एकाही मुद्द्याला उत्तर शोधू शकली नाही, आणि तिला त्याचाच संताप आला.

मग तिनं घरात स्वतःच सांगितलं. नीलेश ऐकता ऐकता उठून उभा राहिला. म्हणाला, आई, आजोबांबद्दल असं बाहेर बोलू नकोस, सभामंडपाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय. स्वातीनं प्रेमानं पुष्पलताच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि नीलेशला हळूच म्हणाली की हल्ली आईंचं मागचं-पुढचं होतं जरा. पुस्तकात छापलंय ते चुकीचं कसं असेल, प्रोफेसर लोकांनी वाचलंय ते.

चांदणीनं तेवढं ऐकून घेतलं. तिचं आजीवर प्रेम होतं. बराच विचार करून ती म्हणाली, "आजी, पणजीला तेव्हा बसवलं असेल. मी माझ्या मर्जीनं बसतेय ना. फरक आहे की नाही?"

फरक होता, नाही कशाला म्हणा. पण तो फरक पोरीला कळत होता आणि भिंत मात्र तीच होती, हे पुष्पलतानं कोणत्या शब्दांत सांगावं? तिनं सूप पुढं ओढून वाल सोलायला घेतले. चांदणीला वाटलं, पटलं.

हळदीच्या दुपारी मांडवात प्लायवूडची भिंत उभी होती, मातीचा रंग दिलेली. वर पांढऱ्या रंगात नाचणारी माणसं काढलेली, जी मुर्ध्याच्या कुठल्याही भिंतीवर कधी कोणी पाहिली नव्हती. भिंतीपुढं पाट, पाटापुढं केळीचं पान, पानावर भाकरी आणि जवळा. डोंगरीहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या आणि पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. संचिताही आली होती, तिला मानाची जागा दिली होती. डीजे बंद करून कोणीतरी बासरी लावली. चांदणी पिवळी साडी नेसून आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि पाठ फिरवून पाटावर बसली. बाजूनं एक कॅमेरा आणि मागून एक.

पिवळ्या साडीतली ती पाठ पुष्पलता बघत राहिली. लहानपणी आईची पाठ तिनं अशी कधी पाहिलीच नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. ती स्वतः नेहमी आईच्या समोर असायची. ही पाठ बाकीच्या घरानं पाहिली होती, रोज, जेवता जेवता, आणि एकाचाही घास अडला नव्हता.

ती उठली. स्वाती दंडाला धरायला आली, तिला बाजूला सारलं. भिंत आणि पान यांच्यामधल्या जागेत ती शिरू लागली. लहानपणी मावायचं ते अंग आता मावेना. भिंत मागं झुकली, कोणीतरी धावत जाऊन ती धरली. गुडघे दाबत, प्लायवूडला पाठ घासत पुष्पलता खाली बसली आणि तिनं नातीच्या तोंडाकडं पाहिलं. चांदणी कॅमेऱ्यासाठी हसत होती. आजी समोर दिसल्यावर ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळे घाबरले.

"फिर बाय," पुष्पलता म्हणाली. "तिकडं मान्सांकडं त्वांड कर. माज्या आईनं केलं तेवडं पुरं झालं." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

"आजी, शूट चालू आहे," चांदणी ओठ न हलवता म्हणाली. पण तिचाही आवाज ओला झाला होता, आणि काय करावं ते न सुचून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, जवळा लावला आणि आजीच्या तोंडात घातला.

पुष्पलताला तो थुंकता येईना. तिनं तो गिळला.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका रडत होत्या. संचिता दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली होती. व्हिडिओवाला म्हणाला, आजी, एक मिनिट तसंच राहा, जरा वर बघा. डोंगरीच्या एका मावशीनं स्वातीला विचारलं की ही पण रीत आहे का, आजीनं समोर बसायची.

"हो," स्वाती डोळे टिपत म्हणाली, "आमच्यात आजी बसतेच. पुस्तकात यायचं राहिलं ते."

पुढच्या हंगामात नाथाच्या पणतीचं, दिव्याचं, लग्न निघालं. डेकोरेटरनं आता भिंत जरा मागं घेतली होती आणि मधल्या जागेत आजीसाठी मऊ गादीचा पाट ठेवला होता. नाथाची बायको स्वतः आमंत्रण घेऊन आली. मना नीट जमायचं न्हाय, म्हणाली, कवा रडायचं, घास कवा घ्यायचा, तू जरा येऊन दाखव. पुष्पलता वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही आणि ती गेलीही नाही. त्यांचं काही अडलं नाही. व्हिडिओ होताच.